येसूने होडी सोडली

अनुसयाबाई बोरसे आम्हाला तिसरी आणि चौथीला होत्या. सुरतच्या कतारगाममध्ये एका ट्रस्टची मराठी शाळा होती. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि जिन्याखाली पाण्याची टाकी. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील लूमवर, बाकीच्यांचे डाइंग मिलमध्ये नाहीतर बांधकामावर. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, गल्लीत गुजराती, आणि बाईंसमोर उभं राहिलं की पुस्तकातली मराठी. बाई स्वतः शिंदखेड्याकडच्या. धुळ्याला डी.एड. करून, लग्न होऊन सुरतला आलेल्या. त्यांचे यजमान मगनराव पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. शाळेच्या गॅदरिंगला ते यायचे तेव्हा त्यांच्या नखांत निळा नाहीतर लाल रंग असायचा आणि आम्ही तो बघायला पुढे सरकायचो.

बाई मारत नसत. फार राग आला की त्या बोलायच्या बंद होत आणि फळा पुसत राहत, पुसून झालेला फळासुद्धा. ज्या मुलींच्या डोक्यात उवा असतील त्यांची डोकी मधल्या सुट्टीत मांडीवर घेऊन विंचरून देत. असं करणारी शिक्षिका मी नंतर कुठे पाहिली नाही.

आणि शनिवारी शेवटच्या तासाला बाई इंग्रजी पुस्तक वाचत.

ती सहा पुस्तकं होती, निळ्या कापडी बांधणीची. नानपुऱ्यातलं एक कुटुंब परदेशी जाताना शाळेला देऊन गेलं होतं. कुठल्याशा थंड मुलखातली मुलं सुट्टीत तळ्याकाठी राहतात, शिडाच्या होड्या चालवतात, बेटावर मुक्काम करतात, अशा त्या गोष्टी. जुन्या, तिकडे नावाजलेल्या. आत रेघांची चित्रं आणि पहिल्या पानावर तळ्याचा नकाशा. बाई टेबलाशी उभ्या राहायच्या, उघडलेल्या पानावर बोट ठेवायच्या आणि मराठीत सांगत जायच्या. मुलांची नावं त्यांनी आपल्याकडची केली होती. येसू अकरा वर्षांची, होडीची कप्तान. तिचा धाकटा भाऊ भिका. शेजारचा घाबरट गण्या. आम्हा कोणालाच पोहता येत नव्हतं, तळं कोणी पाहिलं नव्हतं. पण मधल्या सुट्टीत आम्ही दोन बाकं उलटी जोडून पट्ट्यांनी वल्ही मारायचो. शीड, सुकाणू, डोलकाठी हे शब्द आम्हाला पाढ्यांइतके पाठ होते.

आम्ही चौथीत असताना, अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात तापीला पूर आला. शाळेच्या खालच्या खोल्यांत पाणी शिरलं. तीन आठवड्यांनी वर्ग भरला तेव्हा बाकांना गाळाचा वास होता. धर्मेंद्र म्हणून माझ्या शेजारी बसणारा मुलगा होता. त्यांच्या घरात पाणी छताला लागलं होतं, आणि त्याला त्याच्या मामाने पत्र्यावरून ओढून काढलं होतं. तेव्हापासून तो घरी-शाळेत कुठेच तोंड उघडत नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर करायचा.

त्या शनिवारी बाईंनी पुस्तक उघडलं आणि तळ्यात वादळ आलं. येसूची होडी उलटली. वर्गात कोणी हललं नाही. मग येसू ओरडली, "होडी सोडा! उलटलेली होडी माणसाला खाली ओढते. होडी सोडा आणि काठाकडे हात मारा!" तिघंही पोहत बेटाला लागली. गण्यासुद्धा. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि शाळा सुटल्यावर धर्मेंद्र गल्लीतून "होडी सोडा! होडी सोडा!" ओरडत घरापर्यंत पळत गेला. त्याची आई दारात रडायला लागली, कारण तीन आठवड्यांत तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता.

म्हणून बाईंविषयी आम्हाला काय वाटायचं ते मी वेगळं सांगत नाही.

पुढे आम्ही मोठे झालो. धर्मेंद्रने एम्ब्रॉयडरीची मशिनं टाकली. मी बाजारात एका व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरवर साडीची डिझाइनं करतो. आमच्या वर्गातली सोनाली नर्स झाली, लग्न होऊन पांडेसऱ्याला राहते, तिला धृवी नावाची दहा वर्षांची मुलगी आहे. धर्मेंद्रने व्हॉट्सॲपवर 'येसूची टोळी' नावाचा ग्रुप काढला. वेगवेगळ्या वर्षांचे शंभराच्या वर विद्यार्थी जमले. कोणाला शाळेतलं काही आठवत नव्हतं, पण येसूने बेटावर चूल कशी पेटवली हे सगळ्यांना आठवत होतं. लोक आपापल्या मुलांना त्या गोष्टी सांगत होते. सोनाली तर रोज सांगायची. धृवीने पोहायला शिकायचा हट्ट धरला तोही येसूपायी.

इथे मला माझं सांगितलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मुलं मिळेनात म्हणून शाळा बंद झाली. कपाटं रिकामी करत होते तेव्हा धर्मेंद्रने जाऊन ती सहा निळी पुस्तकं वाचवली. त्याला इंग्रजीचा कंटाळा, म्हणून मी वाचायला घेऊन गेलो. मला कामापुरतं इंग्रजी येतं. शब्दकोश बाजूला ठेवून तीन महिन्यांत सहाही वाचली. त्यात येसू नव्हती. नाव बदललेली येसू म्हणत नाही. तशी मुलगीच नव्हती. भिका नव्हता, बेटावरची चूल नव्हती, चोराची गुहा नव्हती. चित्रं तीच, गोष्टी सगळ्या निराळ्या. आणि तिसऱ्या पुस्तकात होडी उलटते तिथे मोठा मुलगा बाकीच्यांना ओरडून सांगतो की होडीला धरून राहा, काही झालं तरी होडी सोडू नका, होडी तरंगते.

मी आधी हसलो. मग मला राग आला. मग शांतपणे विचार केल्यावर कळलं की बाईंना ते वाचताच येत नव्हतं. वीस वर्षं पानावर बोट ठेवून त्यांनी सगळं मनाने सांगितलं होतं. मला त्यांची कीव आली आणि, खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. हे एकट्या मला ठाऊक होतं. बाईंची लाज मी राखतोय असं मी स्वतःला सांगितलं, पुस्तकं धर्मेंद्रला परत केली आणि "छान आहेत" म्हणालो.

या जानेवारीत धर्मेंद्रने बेत ठरवला. शनिवार-रविवार, उकाई धरणाच्या पाण्याकाठी सगळ्या टोळीचं संमेलन. रमणभाई नावाच्या एका शेतकऱ्याची काठावर जमीन होती, राहायला चार खोल्या होत्या आणि मासेमारीच्या होड्या होत्या. मुलंबाळं धरून आम्ही चाळीस जण बसने निघालो. बाईंना पहिल्या सीटवर बसवलं. त्या आता सदुसष्ट वर्षांच्या. मगनराव गेल्यापासून मुलाकडे कतारगामलाच असतात. त्या यायला तयार नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणाल्या, घरी पाहुणे आहेत म्हणाल्या. शेवटी धर्मेंद्र घरी जाऊन पायरीवर बसून राहिला तेव्हा निघाल्या. मी त्यांच्या मागे बसलो होतो. धर्मेंद्रने माइकवर जाहीर केलं, "उद्या सकाळी बाई आपल्याला त्याच पुस्तकातून वाचून दाखवणार!" सगळ्यांनी आरडाओरडा केला. बाईंनी हसून मान हलवली, पण पदराचं टोक त्यांनी मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की बारडोली येईपर्यंत ते सुटलं नाही. मला कारण ठाऊक होतं. मी खिडकीतून ऊस बघत राहिलो.

काठावर धर्मेंद्रची होडी होती. मच्छीमारांची जुनी फायबरची होडी घेऊन त्याने तिला बांबूची डोलकाठी बसवली होती आणि ग्रे कापडाचं, म्हणजे मिलमध्ये रंगायला जायच्या आधीच्या कोऱ्या कापडाचं, शीड शिवलं होतं. शिडावर मशीनने लाल धाग्यात 'येसू' भरलं होतं. तो चार रविवार इथे येऊन होडी चालवायला शिकला होता. रमणभाईंना ते शीड पसंत नव्हतं. त्यांनी दोनदा मान हलवली, पण बोलले नाहीत.

दुपारी शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरी खाऊन झाल्यावर फेऱ्या सुरू झाल्या. धर्मेंद्रबरोबर एका वेळी एक मूल. बाई काठावर खुर्चीत, त्यांच्या हातात हिरवं निशाण. त्यांनी ते हलवलं की होडी सुटायची. चौथी फेरी धृवीची होती. जाण्याआधी ती बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "मोठ्या बाई, मी येसू." बाईंनी तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला. जॅकेट तिला मोठं होत होतं. "घट्ट बांध गं," त्या म्हणाल्या. धृवीने हो म्हटलं आणि पळाली.

होडी बरीच आत गेल्यावर काठामागच्या डोंगराकडून वारा आला. शीड फुगलं, धर्मेंद्रने दोर सोडायच्या ऐवजी ओढला, आणि होडी सरळ आडवी झाली. काठावरून ते फार सावकाश झाल्यासारखं दिसलं. मग धर्मेंद्रचं डोकं वर आलं. तो होडीच्या पालथ्या बुडाला धरून होता. धृवीही त्याच्याजवळच वर आली. "धर! इथे धर!" असा त्याचा ओरडा आम्हाला ऐकू आला. ती हातभर अंतरावर होती.

तिने होडीकडे पाठ केली आणि काठाकडे हात मारायला सुरुवात केली.

"माय वं, मनी पोर!" सोनाली पाण्यात गुडघ्यापर्यंत धावली. तिला पोहता येत नाही, मलाही नाही. धृवी आधी छान पोहत होती, तरणतलावात शिकवतात तशी. पण वारा समोरून होता. लाटा तोंडावर येत होत्या आणि ते मोठं जॅकेट वर सरकून तिच्या हनुवटीत, मग तोंडावर आलं. हातांची गती तुटली. एकदा हात दिसले, मग नुसतं केशरी जॅकेट दिसलं. रमणभाई तोवर वल्ह्याची होडी घेऊन सुटले होते. त्यांना पोहोचायला किती वेळ लागला सांगता येत नाही. त्यांनी तिला मानेकडून धरून होडीत ओढलं. धर्मेंद्र सगळा वेळ उलट्या होडीला लटकून होता. त्याला नंतर आणलं, त्याला खरचटलंही नव्हतं.

धृवीने काठावर पाणी ओकलं. तिचे ओठ जांभळे पडले होते. सोनालीने नर्ससारखं सगळं केलं, कुशीवर वळवलं, पाठ चोळली, नाडी धरली. सोनगढच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, दोन तास ठेवून घेतलं आणि धोका टळला म्हणून सोडलं. उजेड असतानाच परत आलो.

सगळे अंगणात जमले होते. बाई त्याच खुर्चीत होत्या, निशाण मांडीवर. धृवी घोंगडीत गुंडाळून आईला टेकून बसली. रमणभाई तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, ऊंधी पडे तोय होडी नहीं छोडवानी. क्यारेय नहीं." उलटली तरी होडी सोडायची नाही, कधीच नाही. मग विचारलं, ती का सोडली?

"सोडायचीच असते," धृवी म्हणाली. "होडी खाली ओढते. येसूने पण सोडली होती."

"कोण येसू?"

"पुस्तकात आहे. मोठ्या बाई वाचायच्या."

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. आरोप म्हणून नव्हे, बाई काहीतरी समजावून सांगतील म्हणून. बाईंचे ओठ हलले. त्यांची नजर फिरत माझ्यावर आली आणि थांबली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण त्यांना कळलं. मला ठाऊक आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. मी खाली बघितलं.

तेवढ्यात सोनाली बोलली. "बाईंनी बरोबरच वाचलं असणार. मीच घोळ केला. चौथीत होते, काय लक्षात राहणार? 'सोडू नका' असेल, मी 'सोडा' सांगितलं पोरीला." आणि ती रडायला लागली. "मीच सांगितलं. रोज सांगितलं. माझ्याच हातून..."

बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. धर्मेंद्र म्हणाला, "मलाही 'सोडा' असंच आठवतंय," पण मग त्यालाच खात्री वाटेना. बाई बोलल्या नाहीत. मीही नाही. आम्हा दोघांसमोर ती स्वतःच्या मुलीला बुडवल्याचा दोष अंगावर घेत होती आणि आम्ही दोघं तिला घेऊ देत होतो. मला आजही त्या दिवसातलं पाणी तितकं आठवत नाही, जितकं ते अंगण आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला लोचो आणि चहा झाल्यावर धर्मेंद्रने मला विचारलं, वाचन ठेवायचं का? मी म्हणालो, राहू दे. बाई मागेच उभ्या होत्या. "ठेव," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बोलाव. सोनालीला पण."

सतरंजीवर सगळे बसले. बाईंनी खुर्ची नको म्हटलं, टेबलाशी उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा. धर्मेंद्रने निळं पुस्तक हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, पानावर बोट ठेवलं. आणि वाचायला लागल्या. इंग्रजीत. एकेक अक्षर जुळवत, दुसरीतलं पोर वाचतं तसं. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्याशी अडल्या, पुन्हा मागे गेल्या. कोणीतरी खुदकन हसलं, बाई गंमत करताहेत असं वाटून. बाई थांबल्या नाहीत. त्यांना घाम आला होता. एक ओळ संपायला मिनिटाच्या वर वेळ लागला असेल. तोवर हसू बंद झालं होतं.

"मला एवढंच येतं," बाई म्हणाल्या. "याचा अर्थ मला कळत नाही. तेव्हाही कळत नव्हता."

धर्मेंद्र म्हणाला, "बाई, वय झालं की..."

"वय नाही रे. ऐक." त्यांनी पुस्तक मिटलं. "मुलाखतीला मुख्याध्यापकांनी विचारलं, इंग्रजी येतं ना? नोकरी हवी होती, हो म्हटलं. मग ही पुस्तकं आली. सर वर्गात येऊन म्हणाले, अनुसयाबाई तुम्हाला मराठीत सांगतील. बावन्न मुलं माझ्याकडे बघत होती. येत नाही म्हणायची लाज वाटली. चित्र बघून काहीतरी सांगितलं. वाटलं, आज निभावून नेऊ, घरी जाऊन शब्दकोशात बघू. सोमवारी तुम्हीच विचारायला लागलात, बाई, येसूचं पुढे काय झालं? मग तेच चालू राहिलं. वीस वर्षं."

बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"होडी उलटायची गोष्ट मी बनवली. पुरानंतर तुम्ही घाबरला होता. कोणीतरी सुखरूप बाहेर आलं पाहिजे असं मला वाटलं. होडी उलटल्यावर काय करायचं असतं मला माहीत नव्हतं. मी कधी होडीत बसले नाही. जे सुचलं ते सांगितलं आणि पुस्तकात आहे म्हणून सांगितलं." त्या सोनालीकडे वळल्या. "सोनाली, तुझं लक्षात राहिलेलं चुकलं नाही. तू बरोबर लक्षात ठेवलंस. काल तू रडत होतीस तेव्हा मी हे बोलायला हवं होतं. बोलले नाही. ते याच्याहून वाईट झालं."

एक-दोघं म्हणाले, "असू दे हो बाई." एकजण म्हणाला, "आम्हाला काय फरक पडतो, गोष्ट तर चांगली होती." बाई म्हणाल्या, "तिला पडतो." सोनाली उठली. धृवीचा हात धरून खोलीत गेली आणि बॅग भरू लागली. धृवीचं कळल्यावर तिचा नवरा रात्रीच गाडी घेऊन आला होता, अर्ध्या तासात ते निघून गेले.

आणि मी सतरंजीवर बसून होतो. बाईंनी माझं नाव घेतलं नाही. मी बोलेन म्हणून त्या थांबल्या असंही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. येताना बसमध्ये त्या पहिल्या सीटवर एकट्या होत्या. शेजारी कोणी बसायचं यावर सगळे घोटाळले आणि शेवटी कोणीच बसलं नाही. धर्मेंद्र शेवटच्या सीटवर शिडाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "माझा आवाज त्या गोष्टीने परत आला होता, ललित. आता मी ती कुठे ठेवू?"

ग्रुपवर दोन दिवस लोकांनी लांब लांब लिहिलं. बाई ग्रेट आहेत, बाईंची कल्पनाशक्ती, वगैरे. काहींनी फसवणूक म्हटलं. सोनाली ग्रुप सोडून गेली. बाईंनी कशाला उत्तर दिलं नाही.

दहा-बारा दिवसांनी मी कतारगामला त्यांच्याकडे गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं, की मी दोन वर्षांपूर्वी पुस्तकं वाचली, होडी सोडू नका असं तिथे आहे हेही वाचलं, आणि गप्प राहिलो.

"ते मला अंगणात कळलं," बाई म्हणाल्या. "का गप्प राहिलास?"

"तुमची लाज राखावी म्हणून."

त्या मेथी निवडतच राहिल्या. बराच वेळ. पानं झाली, मग काड्या उचलून त्याही पुन्हा बघत बसल्या. मला फळा पुसणाऱ्या बाई दिसल्या.

"मला माहीत नव्हतं, ललित," शेवटी त्या म्हणाल्या. "तुला माहीत होतं. धृवी होडीत चढली तेव्हा तू काठावर होतास."

"हो."

"तुझी चूक लहान आहे असं मी म्हणणार नाही. तू माझा विद्यार्थी आहेस म्हणून म्हणणार नाही." मग हात झटकून त्या उठल्या. "मला सोनालीकडे ने. तिथे तुझं तू सांग."

पांडेसऱ्याला सोनाली तिसऱ्या मजल्यावर राहते. बाई प्रत्येक पायरीवर थांबत चढल्या. सोनालीने दार उघडलं, आत या म्हणाली, पाणी दिलं, चहा टाकला. तिच्यासारखी बाई घरी आलेल्याला चहा दिल्याशिवाय राहणार नाही. पण ती बसली नाही, ओट्याशी उभी राहिली. मी माझं सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत ती गाळणीतल्या चहापत्तीकडे बघत होती.

"बाईंना येत नव्हतं," ती म्हणाली. "तू तर वाचलं होतंस." एवढंच.

धृवी आतल्या खोलीतून येऊन दारात उभी राहिली होती. ती आता पोहायला जात नव्हती. सोनाली बाईंना म्हणाली, "तिला तुम्हीच सांगा. मी सांगते तर ऐकत नाही. म्हणते, येसू चुकणार नाही."

बाईंनी तिला जवळ बोलावलं. ती आली पण टेकली नाही.

"धृवी, होडी उलटली तर होडी सोडायची नाही. रमणभाई म्हणाले ते खरं. मी सांगितलं ते खोटं होतं."

"पण येसू तर पोहत गेली ना बेटावर?"

"येसू नाहीये गं. पुस्तकात ती नाही. मी बनवली."

धृवीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिचा चेहरा पडला. पाण्यातून काढल्यावरही ती इतकी हरवलेली दिसली नव्हती.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" तिने विचारलं. "होडी उलटल्यावर काय करायचं ते?"

"नव्हतं."

"मग माहीत नाही असं का नाही सांगितलं?"

"लाज वाटली," बाई म्हणाल्या.

धृवीने यावर विचार केला. "आमच्या टीचर पण नाही सांगत," ती म्हणाली, आणि आत जाऊन टीव्ही लावला.

चहा पिऊन आम्ही उठलो. सोनाली बाईंच्या पाया पडली. पडताना चेहरा वर केला नाही. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू तेवढा हक्क आपल्याला उरला आहे की नाही याची खात्री नसावी. माझ्याशी सोनाली बोलली नाही. अजूनही बोलत नाही.

जिना उतरताना बाईंनी माझा दंड धरला होता. खाली मिलच्या सुट्टीची गर्दी होती, रिक्षा मिळत नव्हती. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, बराच वेळ.